ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी

ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय रस्त्यांवर प्रचलित असलेल्या दोन प्रतिस्पर्धी मोटारगाड्या होत. ॲम्बेसेडरची निर्मिती हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे, तर पद्मिनीची निर्मिती प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी मुंबईतील कुर्ला येथे करीत असे. सुमारे तीन दशके भारतीय ग्राहकाची निवड प्रामुख्याने या दोहोंपुरती मर्यादित होती.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्यपूर्व काळात जनरल मोटर्स व फोर्ड या अमेरिकन कंपन्या सुटे भाग आयात करून मुंबईत गाड्यांची जुळणी करीत. सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. क्रायस्लर कंपनीशी झालेल्या करारानुसार तेथे १९४७ पासून डॉज व प्लिमथ या गाड्या तयार होऊ लागल्या. केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना वाव न देण्याचे धोरण केंद्र सरकारने १९५३ साली स्वीकारल्यावर जनरल मोटर्स व फोर्ड यांनी भारतातील काम बंद केले. पुढे प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही लहान गाडी, तर हिंदुस्थान मोटर्सने ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवर आधारित ॲम्बेसेडर बाजारात आणली. फियाट ११०० चेच रूप १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकले जाऊ लागले. चितोडच्या राणीवरून हे नाव ठेवले असले, तरी महाराष्ट्रात ही गाडी अखेरपर्यंत 'फियाट' म्हणूनच ओळखली गेली.

हाताळणी

पद्मिनीचे इंजिन १,०८९ सी.सी. क्षमतेचे असून त्याची शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती होती. गाडीचे वजन सुमारे ९०० किलो व लांबी चार मीटरांहून कमी असल्याने गर्दीच्या रस्त्यांवर ती सहज वळविता येत असे. स्टीअरिंगच्या दांड्यालगतचा तिचा गिअरही तुलनेने हलका होता.

ॲम्बेसेडरचे १,४८९ सी.सी. क्षमतेचे इंजिन सुमारे ५० अश्वशक्तीचे होते. परंतु गाडीचे वजन अकराशे किलोंहून अधिक असल्याने वेग घेण्यास तिला वेळ लागे. तिचे स्टीअरिंग जड होते आणि वळणावर गाडी एका बाजूस कलत असे. मात्र खडबडीत रस्त्यावर तिची बैठक अधिक स्थिर व आरामदायी वाटे.

उपयुक्तता

ॲम्बेसेडरच्या मागील आसनावर तीन प्रौढ व्यक्ती ऐसपैस बसू शकत. उंच छत, प्रशस्त डिकी व दणकट सांगाडा यांमुळे मोठी कुटुंबे, लांबचा प्रवास आणि ग्रामीण रस्ते यांसाठी तिला पसंती मिळे. पद्मिनीत जागा कमी होती, परंतु इंधनाचा खर्चही कमी होता. लहान शहरांतील मेकॅनिकही दोन्ही गाड्या दुरुस्त करू शकत. कडक उन्हाळ्यात इंधनवाहिनीतील पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडणे ही कार्ब्युरेटरयुक्त गाड्यांची सामान्य तक्रार होती. वर्धा, नागपूर यांसारख्या जिल्ह्यांत उन्हाळ्यातील तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. अशा वेळी इंधनपंपावर ओले फडके ठेवून तो थंड करणे हा रूढ उपाय होता.

ग्राहकांची पसंती

शासकीय खात्यांनी ॲम्बेसेडरचा मोठ्या प्रमाणावर स्वीकार केल्याने पांढरी ॲम्बेसेडर सत्तेचे प्रतीक बनली. पद्मिनीकडे शहरी मध्यमवर्ग व व्यावसायिक वळले. टॅक्सींच्या बाबतीतही अशीच विभागणी झाली. कोलकात्यात पिवळी ॲम्बेसेडर, तर मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी रूढ झाली.

या पसंतीचा अर्थ लावताना परवाना पद्धतीचा विचार करावा लागतो. उत्पादनाची मर्यादा सरकार ठरवीत असे आणि काही काळ किमतींवरही नियंत्रण होते. नोंदणीनंतर गाडी मिळण्यास अनेक वर्षे लागत. अशा स्थितीत जी गाडी आधी मिळेल ती घेणे अनेकांना भाग पडे. तयार केलेली प्रत्येक गाडी खपत असल्याने मूलभूत सुधारणा करण्याची निकड दोन्ही कंपन्यांना फारशी भासली नाही. ब्रेक, इंजिन व शरीररचना यांत दीर्घकाळ किरकोळच बदल झाले.

अस्त

१९८३ साली मारुती ८०० बाजारात आली. तिचे इंजिन अवघे ७९६ सी.सी.चे असूनही ती हलकी, काटकसरी व चालविण्यास सोपी होती. पद्मिनीची शहरी उपयुक्तता या गाडीने अधिक चांगल्या रीतीने पुरविली, तेव्हा सर्वाधिक फटका पद्मिनीलाच बसला. १९९३ साली मोटार उद्योग परवानामुक्त झाल्यावर स्पर्धा आणखी वाढली आणि २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. शासकीय व टॅक्सी व्यवसायातील मागणीमुळे ॲम्बेसेडर अधिक काळ टिकली. १९९० च्या दशकात तिला इसुझू कंपनीचे १.८ लिटरचे इंजिन व पाच गिअर मिळाले, तरी विक्री घटतच गेली आणि मे २०१४ मध्ये उत्तरपाड्यातील उत्पादन बंद झाले. २०१७ साली ॲम्बेसेडर हे नाममुद्रेचे हक्क फ्रान्सच्या पेजो कंपनीने ८० कोटी रुपयांना विकत घेतले.

मुंबईत टॅक्सींसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदविलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी या नियमानुसार ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून निवृत्त झाली.