कोपराच्या दुखापती

कोपर (संस्कृत : कूर्पर) हा दंड व पुढचा हात यांना जोडणारा सांधा आहे. दंडाचे एक आणि पुढच्या हाताची दोन अशी तीन हाडे येथे एकत्र येतात. सांध्याच्या पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते, तर आतील बाजूने, जवळजवळ कातडीलगत, एक मज्जातंतू जातो. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत उठणारी झिणझिणी याच तंतूची असते. एवढ्या दाटीमुळे वरून किरकोळ भासणारी दुखापतही संपूर्ण हाताला बाधू शकते.

मुलांमधील अस्थिभंग

झाडावरून किंवा खेळताना पसरलेल्या हातावर पडल्यास दंडाचे हाड कोपराच्या किंचित वर मोडते. साधारणतः ५ ते ७ वर्षे वयाच्या मुलांत हा अस्थिभंग विशेष आढळतो. हाडाचे टोक रक्तवाहिनीवर दाबले गेल्यास किंवा सूज वाढल्यास पुढच्या हाताच्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच ते मृत होऊ लागतात. पुढे बोटे कायमची आखडतात. या विकृतीचे वर्णन जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये केले. घट्ट बांधलेली पट्टी हे कारण त्यांनी तेव्हाच सांगितले होते.

ग्रामीण भागात अशा वेळी प्रथम हाडवैद्याकडे जाण्याची प्रथा अद्याप आहे. बांबूच्या कामट्या आवळून बांधणे आणि तेल लावून चोळणे हे दोन्ही उपाय कोपराला घातक ठरतात. चोळल्याने दुखावलेल्या स्नायूंत हाडासारखा कठीण भाग तयार होऊन सांधा धरतो. प्लॅस्टर काढल्यावर हात सरळ व्हावा म्हणून मुलाच्या हाती पाण्याची बादली देण्याची रीतही तितकीच चुकीची आहे. मुलाने आपला हात स्वतः, सोसेल तेवढाच हलवावा.

प्रथमोपचार

हात ओढून सरळ करू नये. आहे त्या स्थितीत फळी किंवा वर्तमानपत्राच्या घडीचा आधार देऊन झोळीत ठेवावा. बांगड्या, अंगठ्या व मनगटाचे दोरे लगेच काढावेत. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने मुलाला खाऊ घालू नये. बोटे थंड वा पांढरी पडणे, बधिर होणे, नाडी न लागणे किंवा बोटे सरळ करताना असह्य कळ येणे ही तातडीची लक्षणे होत. इगतपुरीसारख्या डोंगराळ, अतिपावसाच्या तालुक्यात महामार्गावरून नाशिक गाठणे सोपे, पण वाडीवरून महामार्गापर्यंत येण्यातच वेळ जातो. म्हणून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आधी बोलवावी व बाकीचे नंतर करावे.

लहान मुलाला एका हाताने हिसका देऊन उचलल्यास कोपरातील हाड किंचित निसटते व मूल हात वापरेनासे होते. डॉक्टर ते क्षणात बसवतात. घरी प्रयोग करू नये.

अतिवापराच्या दुखापती

कोपराच्या बाहेरील बाजूस, मनगट उचलणाऱ्या स्नायूंच्या मुळाशी होणाऱ्या वेदनेस ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. नाव टेनिसचे असले तरी बहुतेक रुग्णांनी रॅकेट हाती धरलेली नसते. भाताची कापणी व झोडणी, कपडे पिळणे, रंगकाम, सुतारकाम अशा वारंवार मूठ आवळून करायच्या कामांतून हा विकार जडतो. आतील बाजूच्या तशाच वेदनेस ‘गोल्फर्स एल्बो’ म्हणतात.

महाराष्ट्राला हा शब्द परिचित झाला तो सचिन तेंडुलकर यांच्यामुळे. ऑगस्ट २००४ मध्ये नेदरलँड्समधील मालिकेच्या वेळी त्यांचा डावा कोपर दुखावला. उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा हात बॅटच्या मुठीवर वरच्या बाजूस असतो. मे २००५ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरमध्ये नागपूर येथे श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा करून ते परतले. शस्त्रक्रियेची गरज मात्र थोड्यांनाच पडते. बहुतेकांना साधारण वर्षभरात आराम पडतो. त्यासाठी दुखवणारे काम कमी करणे व मनगटाचे स्नायू हळूहळू बळकट करणारे व्यायाम उपयोगी पडतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने लवकर बरे वाटते, परंतु दुखणे उलटण्याचा संभव वाढतो.

प्रतिबंधासाठी अवजाराची मूठ हाताला बसेल एवढी जाड असावी, विळ्याला धार असावी, वजन तळहात वर करून उचलावे आणि सलग कामात हात पालटावा. टेबलावर कोपर टेकून तासन्‌तास बसणाऱ्यांना करंगळी व अनामिकेत मुंग्या येऊ लागल्यास बैठक बदलावी. मुंग्या टिकून राहिल्यास अस्थिरोगतज्ज्ञास दाखवावे.