प्लॅटिनमला जोडीदार हवा!

नागपूर : हायड्रोजनीकरण हा शब्द जड वाटला, तरी ही प्रक्रिया प्रत्येक घरात वनस्पती तुपाच्या डब्यातून पोहोचलेली आहे. तापलेल्या तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडला की पातळ तेल गोठते. जर्मन रसायनतज्ज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी १९०२ मध्ये याचे पेटंट घेतले. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये नागपुरात उभ्या राहिलेल्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये तेल तंत्रज्ञान शिकलेल्या विद्यार्थ्यांना ही प्रक्रिया तोंडपाठ असते. तिचा दोषही जुनाच आहे. हायड्रोजन अर्धवट जोडला गेला की उरलेले काही बंध आपला आकार बदलतात आणि ट्रान्स मेद तयार होतात. जानेवारी २०२२ पासून देशात खाद्यतेल व मेदांमध्ये कारखान्यात तयार होणाऱ्या ट्रान्स मेदांवर २ टक्क्यांची मर्यादा आहे ती त्यामुळेच.

हायड्रोजन जोडणे सोपे; तो नेमक्या जागी जोडणे कठीण. असंपृक्त अल्डिहाइडांच्या बाबतीत तर या प्रश्नाने रसायनशास्त्रज्ञांना शतकभर झुंजविले आहे.

दालचिनीचा वास ज्या सिनॅमाल्डिहाइडमुळे येतो, त्याच्या रेणूत दोन दुहेरी बंध शेजारी शेजारी असतात. एक कार्बन-कार्बनचा, दुसरा कार्बन-ऑक्सिजनचा. केवळ दुसऱ्यावर हायड्रोजन जोडला, तर सिनॅमिल अल्कोहोल मिळते. सुगंधी द्रव्यांच्या उद्योगात त्याला चांगली मागणी आहे. गवती चहातील सिट्रालपासून याच मार्गाने गुलाबाच्या वासाचे जिरॅनिऑल मिळते. परंतु निसर्गाचा कल नेमका उलटा! कार्बन-कार्बन बंधाची ऊर्जा मोलमागे सुमारे ६१५ किलोजूल, तर कार्बन-ऑक्सिजनची सुमारे ७१५. साहजिकच आधी तुटतो तो नको असलेला बंध. क्रोटोनाल्डिहाइडवर एकट्या प्लॅटिनमचा प्रयोग केला, तर हाती येते ते बहुतांशी ब्युटिराल्डिहाइड, म्हणजे भलतेच रसायन.

यावर तोडगा सापडला तो बऱ्याच आधी. अमेरिकेतील टुली आणि रॉजर अ‍ॅडम्स यांनी १९२५ मध्ये प्लॅटिनम ऑक्साइडसोबत लोह व जस्ताचे क्षार किंचित प्रमाणात वापरले आणि सिनॅमाल्डिहाइडपासून सिनॅमिल अल्कोहोल मिळविले. असे का घडते, हे मात्र पुढे कित्येक वर्षांनी उलगडत गेले. कथिल, लोह, कोबाल्ट हे धातू प्लॅटिनमच्या मानाने इलेक्ट्रॉन सहज सोडणारे. त्यांच्या सहवासात प्लॅटिनमवरील इलेक्ट्रॉनांची घनता वाढते व कार्बन-कार्बन बंध पृष्ठभागाला तितकासा चिकटत नाही. दुसरीकडे, अंशतः ऑक्सिडीकरण झालेला हा जोडीदार रेणूतील ऑक्सिजनचे टोक धरून ठेवतो. शेजारच्या प्लॅटिनमने हायड्रोजनचे रेणू फोडून तयार ठेवलेलेच असतात. काम फत्ते!

प्रमाण मात्र सांभाळावे लागते. कथिल कमी पडले, तर निवडकता येत नाही. जास्त झाले, तर ते प्लॅटिनमलाच झाकून टाकते आणि अभिक्रिया मंदावते. रेणूचा आकारही महत्त्वाचा. सिनॅमाल्डिहाइडमधील बेंझिनचे कडे कार्बन-कार्बन बंधाला पृष्ठभागापासून दूर ठेवते, म्हणून तेथे यश लवकर मिळते. आक्रोलिनला असे कोणतेच संरक्षण नाही. या कुळातील सर्वांत हट्टी सदस्य तोच.

हा सारा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, कारण सोडियम बोरोहायड्राइडने हेच काम प्रयोगशाळेत सहज होते. पण तेथे अभिकर्मक खर्ची पडतो आणि बोरॉनयुक्त टाकाऊ पदार्थ उरतात. मोठ्या कारखान्याला ते परवडणारे नाही. घन उत्प्रेरक गाळून पुन्हा वापरता येतो, अर्थात त्यातील लोह वा कथिल द्रवात विरघळून गेले नाही तर!

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. मुंबईच्या 'यूडीसीटी'त (आताची 'आयसीटी') प्रा. एस. बी. चंदालिया आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये असंपृक्त अल्डिहाइडांच्या हायड्रोजनीकरणातील निवडकतेवर शोधनिबंध प्रसिद्ध केले होते. नागपूरच्या 'नीरी'तील संशोधनाची दिशा उलटी, हायड्रोजन काढून घेण्याची. संस्थेचे राजेश बिनिवाले यांनी जपानमधील होक्काइदो विद्यापीठातील सहकाऱ्यांसह २००५ मध्ये सायक्लोहेक्झेन या द्रवातून हायड्रोजन मोकळा करणाऱ्या निकेल उत्प्रेरकाचा अभ्यास मांडला. त्यात प्लॅटिनमची भर घालताच उत्प्रेरकाची क्रियाशीलता वाढली. हायड्रोजन द्रवरूपात साठवून टँकरने नेता यावा, हा त्यामागचा उद्देश. येथे महागडे प्लॅटिनम दुय्यम जोडीदार आहे आणि मुख्य काम स्वस्त निकेल करते.