आबांचा हरिपाठ आणि देवगिरीचा हिशेबनीस

आबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी पुण्यात एका रिलीजच्या गडबडीत होतो. आमचं गाव अंबाजोगाईपासून थोडं आत. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. दवाखान्यात पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. (रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे तेव्हा घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.) घरी आणलं तेव्हा आबांजवळ एकच शब्द उरला होता, 'हा'. पाणी हवं असलं तरी हा, नको असलं तरी हा.

मग एकादशी आली. देवळातली भजनी मंडळी म्हणाली, आबा येऊ शकत नाहीत तर आपणच त्यांच्याकडे जाऊ. टाळ सुरू झाले आणि दुसऱ्या की तिसऱ्या अभंगाला आबा गायला लागले. शब्द न शब्द स्पष्ट! आजीच्या डोळ्याला धार लागली. पण भजन संपलं आणि आबा परत 'हा' वर. तेव्हा शेजारचे एकजण बोलून गेले, "म्हाताऱ्याला सगळं येतंय. बोलायचंच नाही त्याला." आबांना सगळं कळत होतं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

ते काही माझ्या डोक्यातून जाईना. आपल्या धंद्यात एखादा बग 'कधी येतो, कधी येत नाही' असा असला की आपण युजरला खोटारडा म्हणत नाही, लॉग बघतो. म्हटलं, इथेही बघू. पुढचे चार-पाच विकांत त्यातच गेले.

पहिला लॉग सापडला स्वीडनमध्ये! १७४५ साली ओलोफ दालिन नावाच्या लेखकाने एका शेतकऱ्याच्या मुलाची हकिकत नोंदवून ठेवली आहे. आजारात उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, पण ओळखीची भजनं कुणी सुरू करून दिली की तो शब्दांसकट गायचा. म्हणजे आबांसारखंच, फक्त टाळ नव्हते.

पुढे १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांकडे एक रुग्ण होता. तो कशालाही 'टान' एवढंच म्हणायचा, म्हणून त्याचं नावच टान पडलं. तो वारल्यावर ब्रोकांनी मेंदू तपासला. डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा होती. बोलणं जुळवण्याचं काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं, हे त्यातून हळूहळू पक्कं होत गेलं. आबांचा 'हा' आणि त्या माणसाचा 'टान' एकाच जातीचे. गाताना मात्र मेंदूच्या दोन्ही बाजू कामाला लागतात आणि वर्षानुवर्षं पाठ असलेलं वेगळ्या वाटेने बाहेर येतं. म्हणून हरिपाठ येतो आणि 'पाणी दे' येत नाही. ढोंग नाही, रस्ताच वेगळा.

दुसरा लॉग तर घराशेजारीच निघाला. अंबाजोगाईला गेलेल्यांनी बाराखांबी आणि खोलेश्वराचं देऊळ पाहिलं असेल. हा खोलेश्वर देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा सेनापती. त्याच्या घराण्याशी संबंधित १२२८ आणि १२४० चे शिलालेख इथे मिळालेत. याच सिंघणाच्या पदरी, देवगिरीला, शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. काम काय, तर राज्याच्या हिशेबाच्या कचेरीचा प्रमुख. आणि या हिशेबनिसाने लिहिलं 'संगीतरत्नाकर', ज्याला हिंदुस्तानी आणि कर्नाटकी दोन्ही संगीतवाले आपला मानतात. (दिवसा नोकरी, बाकी वेळात आवड. आपलीच जमात म्हणायची!)

घराणं मूळचं काश्मीरचं. आजोबा भास्कर दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या चाकरीत शिरले. शार्ङ्गदेवाला वैद्यकही येत होतं. ग्रंथाच्या सुरुवातीला तो स्वतःबद्दल सांगतो की धनाने ब्राह्मणांची, विद्येने जिज्ञासूंची आणि औषधाने रोग्यांची पीडा दूर केली, आता सगळ्या लोकांचे ताप हरावेत म्हणून हा ग्रंथ. म्हणजे औषधानंतरची पायरी गाणं!

गंमत पुढे आहे. सात अध्यायांच्या या संगीताच्या पुस्तकात स्वरांच्या आधी शरीर येतं. गर्भ कसा वाढतो, हाडं, नाड्या, सगळं तपशिलात. कारण त्याच्या मते नाद शरीरातच जन्मतो. बोलायची इच्छा झाली की आत्मा मनाला हलवतो, मन शरीरातल्या अग्नीला, अग्नी वायूला, आणि तो वायू नाभी, हृदय, कंठ, मस्तक असं करत तोंडातून बाहेर पडतो. एका मॉड्यूलने दुसऱ्याला कॉल करावा तसं. पुढे तो म्हणतो की नादातून वर्ण, वर्णातून पद, पदातून वाक्य आणि वाक्यातून जगाचा व्यवहार. हे वाचलं आणि आबाच आठवले. इच्छा शाबूत, मन शाबूत, मधला एक दुवा तुटलेला. आणि व्यवहार बंद.

आता लगेच 'आमच्या पूर्वजांना न्यूरोसायन्स माहीत होतं' असं म्हणू नका हं. हृदयातल्या ज्या २२ नाड्यांतून तो २२ श्रुती काढतो, त्या कुठल्याही डॉक्टरला सापडलेल्या नाहीत. आणि 'डोकेदुखीला दरबारी, अमक्याला तमका राग' असल्या फॉरवर्डचाही त्याच्याशी संबंध नाही. तो राग जोडतो ते रसाशी, ऋतूशी, प्रहराशी. दरबारी कानडा तर तानसेनाच्या नावावर सांगतात, म्हणजे तीनशे वर्षं नंतरचा. शार्ङ्गदेवाकडून घ्यायचं ते एवढंच की गाणं आणि बोलणं एकाच शरीरातून येतं, तेव्हा आधी शरीर समजून घ्या.

मग याचा उपाय म्हणून उपयोग होतो का? १९७३ मध्ये बोस्टनच्या तज्ज्ञांनी एक पद्धत मांडली. 'पाणी दे' सारखं छोटं वाक्य दोन सुरांत म्हणायचं, प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हातावर ठेका द्यायचा आणि सूर हळूहळू काढून घ्यायचा. ज्यांना समजतं पण बोलता येत नाही, त्यांच्यासाठी ही मुख्यतः. सगळ्यांना लागू पडतेच असं नाही. २००८ मध्ये फिनलंडमध्ये झटका आलेल्या ६० रुग्णांचे तीन गट केले. एकाला रोज आवडीची गाणी, दुसऱ्याला बोलकी पुस्तकं, तिसऱ्याला काहीच नाही. दोन महिने. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच. गाणीवाल्यांची शब्दांची स्मृती आणि लक्ष जास्त सुधारलं आणि उदासी कमी दिसली. आणि २०११ मध्ये जर्मनीत १७ रुग्णांवरच्या अभ्यासात दिसलं की खरी मदत सुरांपेक्षा तालाची आणि पाठ असलेल्या शब्दांची होते.

ताल आणि पाठांतर! म्हणजे हरिपाठच की. आबांनी पन्नास वर्षं टाळ कुटले ती त्यांची फिक्स डिपॉझिट होती, फक्त ती मोडायची कशी हे कुणी सांगितलं नव्हतं. नुसतं भजन करून 'पाणी दे' येत नाही. भजनाकडून बोलण्याकडे पूल बांधावा लागतो, तोही रोज थोडा थोडा, डॉक्टरांची औषधं आणि व्यायाम चालू ठेवून.

एका वाचाउपचार तज्ज्ञ बाईंनी फोनवर पद्धत समजावली. आजी रोज सकाळी आबांचा डावा हात हातात घेऊन बसायची. "अहो, म्हणा माझ्यासंगं." पहिले कित्येक दिवस नुसता 'हा'. मी विकांताला गेलो की मीही ठेका धरायचो आणि मनातून आशा सोडलेली असायची.

साडेतीन महिन्यांनी एका रविवारी शेजारचे तेच गृहस्थ आले होते. आजीने सगळ्यांना चहा आणला. आबांनी मांडीवर तीन वेळा थाप मारली आणि म्हणाले, "चहा... नको."

झटक्यानंतरचा त्यांचा पहिला नकार. शेजारी गप्प झाले. आजी मात्र हसत म्हणाली, "मग काय पाहिजे ते बी सांगा आता!"

असो. तुमच्या घरी कुणाचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट बघू नका, लगेच निघा. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना काय काय पाठ आहे, ते एकदा बसून ऐका.