गुप्त श्रद्धा, उघड अंगीकार : मराठी ख्रिस्ती कथनातील उत्कंठेचे स्वरूप

१

मराठी कादंबरीचा इतिहास बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’पासून (१८५७) सुरू करण्याचा प्रघात आहे. हा प्रघात पाळताना समीक्षेने या कृतीचे मूल्यमापन प्रायः दोन अंगांनी केले. एकतर विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण करणारा सामाजिक दस्तऐवज म्हणून तिचा गौरव झाला. किंवा धर्मप्रसाराच्या हेतूने कलात्मकता उणावलेली कृती म्हणून तिच्याकडे पाहिले गेले. दोन्ही मूल्यमापनांत एक साधा वाङ्मयीन प्रश्न अनुत्तरित राहतो. ही कथा वाचकाला पुढे कशाच्या बळावर नेते? तिच्यात गूढ खून नाही, हरवलेला वारस नाही, राजकन्येचे अपहरण नाही. तरीही तिच्यात काहीतरी दडवलेले आहे आणि ते केव्हा, कोणासमोर आणि कोणत्या किमतीला उघड होईल ही टांगती स्थिती कथानकाच्या तळाशी सतत जाणवत राहते. दडवलेली गोष्ट म्हणजे नायिकेची श्रद्धा.

ख्रिस्ती श्रद्धा आणि उत्कंठाप्रधान कथन यांच्या संबंधाचा विचार सहसा इंग्रजी साहित्याच्या आधारे केला जातो. चेस्टर्टनचा फादर ब्राउन (‘द इनोसन्स ऑफ फादर ब्राउन’, १९११) गुन्ह्याचा उलगडा करू शकतो, कारण पापनिवेदनाच्या कठड्यामागे बसून त्याने माणसाच्या मनातील सारी दुष्टता ऐकलेली असते. रोनल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले, त्यांत अलौकिक शक्तींना कथेबाहेर ठेवण्याचा नियम होता. धर्मगुरूनेच रहस्यकथेतून चमत्कार हद्दपार करावा, यात विसंगती नाही. जेथे श्रद्धा समाजात शतकानुशतके स्थिरावलेली असते, तेथे ती जगाची पार्श्वभूमी बनते. विवेक, पापभावना आणि न्याय यांना ती आधार देते, मात्र स्वतः संशयाचा विषय होत नाही. मराठी ख्रिस्ती कथनात या नात्याची उलटापालट झालेली दिसते. येथे श्रद्धेच्या साहाय्याने रहस्याचा उलगडा होत नाही. श्रद्धा हेच रहस्य असते.

२

या उलटापालटीची कारणे एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याच्या सामाजिक इतिहासात आहेत. १८३९ मध्ये मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा मिशनऱ्यांच्या आश्रयास राहिला होता, त्याला न्यायालयाने आईवडिलांच्या स्वाधीन केले. त्यानंतर त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद झाला आणि बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याला परत घेण्याची बाजू घेतली. मिशनघराभोवतीचा जमाव, न्यायालयातील उलटतपासणी, मुलाचे वय किती आणि त्याची समज किती यांवर खल : उत्कंठाप्रधान कथेचे सारे घटक येथे वास्तवात हजर होते. १८५० च्या २१व्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क जाणार नाही असे ठरविले. पण कायद्याने मालमत्ता राखता आली तरी पंगत, विहीर आणि सोयरीक राखता येत नव्हती. बाप्तिस्म्याचा क्षण हा म्हणूनच माणसाच्या आयुष्याची दोन शकले करणारा क्षण होता.

या क्षणाच्या अलीकडे एक मोठा, धूसर प्रदेश पसरलेला होता. मनाने पालट झालेला आहे, परंतु आचार जुनाच चालू आहे अशा माणसांचा हा प्रदेश. परमहंस मंडळी ही मुंबईतील गुप्त संस्था याच प्रदेशात वसली होती. जातिभेद न मानण्याची शपथ आणि ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाणे यांतून तेथे प्रवेश मिळे. मात्र सभासदांची नावे बाहेर फुटू नयेत याची दक्षता घेतली जाई. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि मंडळी विस्कटली. गुप्ततेवर उभारलेली सुधारणा गुप्तता संपताच संपली.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) या मंडळीचे सभासद होते. बेळगावात जन्मलेल्या आणि मुंबईत शिकलेल्या या तरुणाने १८५४ मध्ये बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. तत्पूर्वीच्या दीर्घ दोलायमान अवस्थेचे चित्रण त्यांनी पुढे ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात केले आहे. गुप्त संस्थेचा माजी सभासद आणि उघड धर्मांतरित अशा दोन्ही नात्यांनी पदमनजींना या प्रश्नाचे दोन्ही काठ ठाऊक होते. धर्मांतरानंतर तीन वर्षांच्या आत लिहिलेल्या कादंबरीत हाच प्रश्न कथानकाचा कणा व्हावा, हे स्वाभाविक होते.

३

‘यमुनापर्यटन’च्या आधी मराठीत ख्रिस्ती कथनाचा एक आदर्श आलेला होता. जॉन बनियनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चे हरी केशवजी यांनी केलेले भाषांतर ‘यात्रिक क्रमण’ या नावाने १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. बनियनचा यात्रिक बायकामुलांच्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून कानांत बोटे घालून घराबाहेर धावत सुटतो. तेथे श्रद्धेची पहिली कृती म्हणजे घर सोडणे. पदमनजींनी ‘पर्यटन’ ठेवले, पण त्याची रचना बदलली. यमुना घर सोडून जात नाही. ती पती विनायकराव याच्यासह प्रवास करते आणि वाटेत तिला निरनिराळ्या विधवांच्या कहाण्या ऐकावयास मिळतात. पतिपत्नी दोघांचाही ओढा ख्रिस्ताकडे आहे, परंतु तो त्या दोघांपुरता आहे. यात्रिक श्रद्धेसाठी घर सोडतो; यमुना श्रद्धेला घरातच लपवून चालते.

या रचनेचा कथनदृष्ट्या परिणाम महत्त्वाचा आहे. भेटणाऱ्या प्रत्येक विधवेची कहाणी वाचक दोन पातळ्यांवर वाचतो. एका पातळीवर ती त्या विधवेची कहाणी असते. दुसऱ्या पातळीवर यमुनेच्या संभाव्य भविष्याची सूचना असते. कादंबरीच्या पूर्ण शीर्षकातील ‘हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ हे शब्द वाचकाला आधीच सावध करून ठेवतात. विनायकरावाचा मृत्यू होतो तेव्हा तो धक्का कमी आणि भयाची पूर्तता अधिक वाटतो. पुढे केशवपनाच्या सक्तीचे सावट यमुनेवर येते आणि खासगी श्रद्धा खासगी ठेवणे अशक्य होते. श्रद्धा मनात राहू शकते, परंतु केशवपन शरीरावर होते. जो निर्णय मन टाळीत होते तो देहावर आलेल्या संकटामुळे घ्यावाच लागतो, ही पदमनजींची सूझ त्यांच्या प्रचारकी निवेदनापेक्षा खोल आहे.

मात्र कथेची उकल तेवढी खोल नाही. यमुना अखेर ख्रिस्ती समाजात आश्रय घेते व पुनर्विवाह करते. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झालेला असताना ही उकल काळाशी सुसंगत होती. पण गुप्ततेचा ताण ज्या पतिपत्नीच्या नात्यात होता, ते नाते मृत्यूने आधीच बाजूला सारले आहे. एक जिवंत जोडीदार श्रद्धेचा उघड अंगीकार करतो आणि दुसरा करीत नाही, तेव्हा काय होते, हा अवघड प्रश्न कादंबरी टाळते.

४

मराठी कादंबरीचा पुढचा मोठा प्रवाह या वाटेने गेला नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ने (१८६१) अद्‌भुतरम्य कादंबरीचा पायंडा पाडला. उत्कंठा आता योगायोग, कपट, ताटातूट आणि पुनर्मीलन यांवर पोसली जाऊ लागली. अंतःकरणातील संघर्ष तिला आवश्यक राहिला नाही. विसाव्या शतकात बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्या जगात धाडस आहे, न्याय आहे. श्रद्धेला मात्र कथानकात कार्य नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या भयकथांत, विशेषतः ‘समर्थ’मालेत, श्रद्धा परतली, पण ती दुष्ट शक्तीशी लढण्याचे साधन म्हणून. तेथे श्रद्धेची कसोटी तिच्या परिणामकारकतेवर लागते, किमतीवर नव्हे. अमेरिकेत फ्रँक पेरेटी यांच्या ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’पासून (१९८६) लोकप्रिय झालेली ख्रिस्ती उत्कंठाकथा याच जातीची आहे. देवदूत आणि सैतानी शक्ती यांच्या युद्धात विजय कोणाचा हे वाचकाला आधीच ठाऊक असते. केव्हा, एवढाच प्रश्न उरतो.

शेजारच्या कोंकणी साहित्याचे उदाहरण हा भेद अधिक स्पष्ट करते. पहिले कोंकणी नियतकालिक ‘उदेंतेचें साळक’ एदुआर्द ब्रुनो द सौझा यांनी १८८९ मध्ये पुण्याहून काढले आणि ‘क्रिस्तांव घराबो’ (१९११) ही त्यांचीच कृती पहिली कोंकणी कादंबरी मानली जाते. पुढे रोमन लिपीतील लोकप्रिय ‘रोमान्शीं’ना मुंबईच्या कुडांत राहणाऱ्या गोमंतकीय कामगार-खलाशांत मोठा वाचकवर्ग लाभला. या वाचकांच्या गावात ख्रिस्ती असणे ही जन्माने मिळालेली, सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट होती. लपविण्यासारखे त्यात काही नसल्यामुळे तेथील उत्कंठा प्रेम, वारसा, फसवणूक यांकडे वळली आणि श्रद्धा नीतीच्या चौकटीच्या रूपाने राहिली. भाषा आणि प्रदेश जवळचे असूनही येथे श्रद्धेचे कथनातील स्थान चेस्टर्टनच्या अधिक निकट आहे. तेव्हा हा भेद पंथभेदापेक्षा सामाजिक स्थितीचा आहे : श्रद्धा उघड करण्यास जेथे मोल द्यावे लागते, तेथेच ती कथानक होते.

५

पदमनजींनी टाळलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर मिळाले, ते कादंबरीबाहेर. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळी त्यांच्यासमवेत नव्हत्या. पुढील काही वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली आणि नंतर लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ‘स्मृतिचित्रे’त (१९३४–३६) ही कथा मागे राहिलेल्या व्यक्तीच्या बाजूने सांगितली आहे. धर्मांतरिताच्या अंतःकरणातील संघर्षाची जागा येथे त्या संघर्षाची बातमी ऐकणाऱ्या स्त्रीच्या अनिश्चिततेने घेतली. नवरा कोठे आहे, त्याने काय केले, आता आपण कोण, सधवा की टाकलेली : या प्रश्नांत खरी उत्कंठा आहे. बनियननेही यात्रिकाच्या पत्नीचा प्रवास सहा वर्षांनी निघालेल्या दुसऱ्या भागात (१६८४) सांगितला. पण तेथे ती आधीच आखलेल्या वाटेने जाते. लक्ष्मीबाईंना वाट आखून मिळाली नव्हती. सोवळेओवळे त्यांच्या मनातून एका दिवसात गळून पडले नाही आणि त्यांनी तसे दाखविलेही नाही. श्रद्धेचा उघड अंगीकार येथे विजयाचा क्षण न राहता हळूहळू, विनोद आणि वेदना यांच्या मिश्रणातून घडणारी गोष्ट झाली. मराठी ख्रिस्ती कथनाचे हे सर्वांत प्रौढ रूप होय.

६

हा सारा इतिहास संपलेल्या काळाचा आहे असे मानणे सोपे आहे. पण नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत वसविली, अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरहून (आजचे अहिल्यानगर) ‘ज्ञानोदय’ सुरू केले आणि या परिसरांतील ग्रामीण ख्रिस्ती समाज मुख्यतः दलित जातींतून घडला. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरत गेलेल्या उद्योगांनी नगर-मराठवाड्यातील कुटुंबांना आपल्याकडे ओढले. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. गाव सोडून आलेल्या माणसाला कारखान्याच्या गर्दीत आडनावाआड राहता येते. पण कागदपत्रांत तसे राहता येत नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा लाभ पुढे शीख (१९५६) आणि बौद्ध (१९९०) यांना मिळाला, ख्रिस्ती दलितांना मिळालेला नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा उघड अंगीकार म्हणजे सवलतीचा त्याग, असे समीकरण त्यातून तयार झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बाप्तिस्मा आणि नियमित उपासना यांचा पुरावा पाहून अर्जदार स्त्रीचा अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्राचा दावा नाकारला. व्यक्ती काय मानते याचा शोध येथे न्यायालयाने घेतला. पुरावा चर्चच्या नोंदवहीतला होता.

रहस्यकथेचे सारे घटक येथे पुन्हा एकत्र आलेले आहेत : दडवलेले सत्य, शोध घेणारी यंत्रणा, कागदोपत्री पुरावा आणि उघडकीस येण्याचे भय. १८४३ मध्ये न्यायालय एका मुलाला समज आहे काय हे तपासत होते. आता ते एका स्त्रीची श्रद्धा खरी कोणती हे तपासते. यमुनेच्या काळी अंगीकाराने जात जात असे, आता जातीबरोबर जातीचा दाखलाही जातो. ‘यमुनापर्यटन’ने मराठी कादंबरीला आरंभीच दिलेली ही कथनशक्यता अद्‌भुतरम्य कादंबरीने झाकली, रहस्यकथेने वगळली आणि भयकथेने हत्यारात रूपांतरित केली. लक्ष्मीबाईंनी ती आत्मकथनात जिवंत ठेवली. पदमनजींच्या कृतीला केवळ आद्यतेचा मान देऊन बाजूला ठेवणारी समीक्षा म्हणूनच अपुरी ठरते. ज्या गुप्ततेतून ती कादंबरी जन्मली, ती सामाजिक गुप्तता अद्याप संपलेली नाही. आणि तिला पुरेल अशी उकल मराठी कादंबरीने अजून लिहिलेली नाही.