स्वरज्ञान
ऐकलेला स्वर षड्जापासून किती अंतरावर आहे, हे कानाने अचूक ओळखण्याची क्षमता. हिंदुस्थानी संगीतात षड्जाची उंची ठरलेली नसते. गायक आपल्या गळ्याप्रमाणे तो धरतो. त्यामुळे येथे स्वरांतराची ओळखच महत्त्वाची. पुण्यात भास्करबुवा बखले यांचा भारत गायन समाज (१९११) आणि विनायकराव पटवर्धनांचे गांधर्व महाविद्यालय (१९३२) या संस्थांमुळे स्वरज्ञानाचे शिक्षण घराण्यांबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही मिळू लागले.

अलंकार-पलट्यांनी पाया होतो; कान खरा तयार होतो तो तंबोरा लावताना. पहिली तार बहुधा पंचमात, मधली जोडी षड्जात, शेवटची खर्जात (मंद्र षड्जात). षड्ज-पंचमाचे प्रमाण २:३. जोडीतली एक तार किंचित उतरली तरी नादात लाट येते. खुंटी पिळत आणि मणी सरकवत ती थांबवायची. जवारी (घोडीवर तारेखाली दोरा सरकवून साधलेला झंकार) उत्तम लागली की खर्जातून न छेडलेला गांधार आपोआप उमटतो. तो ऐकू येणे ही फार मोठी पायरी होय.

समविभाजित सप्तकाच्या हार्मोनियमचा गांधार या स्वयंभू गांधारापेक्षा थोडा चढा असतो. म्हणून नवशिक्याने कान तंबोऱ्यावरच घडवावा.