निफाडची द्राक्षे, लासलगावचा कांदा आणि स्पर्धाक्षमतेची मोजपट्टी

एखादा विकसनशील देश जागतिक बाजारात किती टिकतो, हे मोजण्याची सर्वांत प्रचलित पद्धत बेला बालासा या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडली. देशाच्या एकूण निर्यातीत एखाद्या मालाचा वाटा किती आणि जगाच्या एकूण निर्यातीत त्याच मालाचा वाटा किती, यांचा भागाकार करायचा. उत्तर एकपेक्षा जास्त आले, तर त्या मालात देश इतरांपेक्षा सरस मानला जातो. पुढे जिनिव्हाच्या वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमने १९७९ पासून संपूर्ण देशांनाच क्रम देण्यास सुरुवात केली. रस्ते, बंदरे, शिक्षण, कायदे अशा अनेक निकषांवर बेतलेल्या या क्रमवारीत २०१९ साली १४१ देशांत भारत ६८ वा होता. मात्र एखाद्या शेतमालाची ताकद अशा क्रमांकातून कळत नाही. त्यासाठी नाशिक जिल्ह्यातला निफाड तालुका अधिक उपयोगी पडतो. तिथे एकाच मातीत, एकाच शेतकऱ्याच्या बांधावर द्राक्ष आणि कांदा ही दोन निर्यातक्षम पिके उभी असतात आणि दोन्हींचा इतिहास अगदी वेगळ्या वळणांनी गेला आहे.

या व्यापाराचा पाया रेल्वेने घातला. १८६५ मध्ये थळ घाटातला मार्ग खुला झाला आणि नाशिक-निफाड-लासलगाव हा पट्टा थेट मुंबईच्या बाजाराला जोडला गेला. त्या काळी मालाची कसोटी एकच होती, ती म्हणजे मुंबईत माल कोणत्या भावाने आणि किती टिकाऊ स्थितीत पोहोचतो. कांदा या कसोटीला सहज उतरला. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्‌महिने राहतो. लासलगावला १९४७ मध्ये बाजार समिती स्थापन झाली आणि पुढे देशभरचे व्यापारी तिथल्या लिलावाकडे पाहून भाव ठरवू लागले. द्राक्षाचे तसे नव्हते. १९२५ च्या सुमारास ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी लावलेल्या बागेपासून नाशिकच्या द्राक्षशेतीची सुरुवात सांगितली जाते. पण हे नाशवंत फळ लांबच्या बाजारात नेण्याची सोय त्यानंतर कितीतरी वर्षे नव्हती.

ती सोय १९९० च्या दशकात आली. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्था एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ उभी राहिली. प्री-कूलिंग, शीतगृह आणि पॅकहाऊस या साखळीमुळे थॉमसन सीडलेस युरोपच्या दुकानांत पोहोचू लागले. नाशिकला निसर्गाने एक संधीही दिली आहे. दक्षिण आफ्रिका आणि चिली यांचा हंगाम उतरणीला लागतो आणि इजिप्तचा माल अजून यायचा असतो, त्या मार्च-एप्रिलच्या फटीत इथला माल तयार होतो. ऑक्टोबरची गोडी छाटणी काही दिवस पुढेमागे करून शेतकरी ही फट साधतो.

युरोपात गेल्यावर मात्र मोजपट्टी बदलली. मण्याचा आकार आणि साखर यांच्याबरोबर औषधांचे अवशेष मोजले जाऊ लागले. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेट यांचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त आढळले. त्यानंतर अपेडा या केंद्राच्या कृषी-निर्यात प्राधिकरणाने अवशेष तपासणीचा कार्यक्रम सुरू केला आणि २००६ पासून ‘ग्रेपनेट’वर प्रत्येक निर्यातक्षम बागेची नोंद होऊ लागली. परदेशातल्या दुकानातली पेटी कोणत्या गावच्या कोणत्या प्लॉटमधली, हे त्या नोंदीवरून शोधता येते. विकसनशील देशातल्या लहान शेतकऱ्यांनी स्वीकारलेली इतकी काटेकोर व्यवस्था विरळाच, आणि तिचे श्रेय जितके सरकारी यंत्रणेचे तितकेच बागाईतदारांचे आहे.

तरीही २०१० मध्ये मोठा फटका बसला. खरड छाटणीनंतर फुटींची वाढ रोखण्यासाठी क्लोरमेक्वाट क्लोराइड फवारले जात असे. शेतकरी त्याला लिहोसीन म्हणतात. तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हते. एप्रिल-मेमधल्या फवारणीचा अंश पुढच्या हंगामातल्या घडांत सापडला, युरोपीय खरेदीदारांनी कंटेनर नाकारले आणि अनेक बागाईतदार कर्जात गेले. रसायन यादीत घातले गेले आणि बागेतला वापरही बदलला. त्याच सुमारास मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकाराने ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांची कंपनी उभी राहिली आणि निर्यातीतले एक मोठे नाव शेतकऱ्यांच्या हाती आले. अपेडाच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये देशातून सुमारे ३ लाख ४४ हजार टन द्राक्षे गेली, त्यांची किंमत सुमारे ३,४६० कोटी रुपये होती. किलोमागे सरासरी शंभर रुपये. या सरासरीत रॉटरडॅमला उतरणारी पेटी आणि ट्रकने बांगलादेशात जाणारा क्रेट दोन्ही एकत्र मोजलेले आहेत, म्हणून ती जपूनच वाचावी लागते. दुसरीही एक गोष्ट आकड्यात दिसत नाही. चिली, पेरू आणि दक्षिण आफ्रिका यांनी युरोपशी केलेल्या करारांमुळे त्यांची द्राक्षे तिथे शुल्काविना उतरत गेली, तर नाशिकच्या मालाला आयात शुल्क भरावे लागले. हे ओझे वाहूनही इथला माल टिकला, ही त्याच्या ताकदीची खरी खूण आहे.

कांद्याच्या बाबतीत बालासांचा भागाकार फसतो. उत्पादन, टिकाऊपणा आणि भाव या तिन्हींत लासलगावचा कांदा जागतिक बाजारात स्पर्धा करू शकतो. कोंब येऊ नयेत म्हणून विकिरण प्रक्रिया करणारे भाभा अणुसंशोधन केंद्राचे संयंत्रही तिथे २००२ पासून आहे. परंतु शहरांत भाव चढले की किमान निर्यात मूल्य, निर्यात शुल्क किंवा थेट बंदी येते. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क लागले आणि ८ डिसेंबरला निर्यातच थांबली. अशा वर्षी हा भागाकार खाली येतो आणि कागदावर भारत कांद्यात दुबळा दिसतो. प्रत्यक्षात शेतकरी तोच, चाळही तीच आणि मालही तोच असतो. बदललेली असते ती फक्त दिल्लीची अधिसूचना. दुबई, कोलंबो किंवा ढाक्याचा व्यापारी तोवर पाकिस्तान, इजिप्त किंवा चीनकडे वळतो आणि बंदी उठल्यावर तो परत येईलच असे नाही.

म्हणून मालाच्या स्पर्धाक्षमतेत पुरवठ्याची शाश्वती ही स्वतंत्र कसोटी धरायला हवी. ती धरली, तर निफाडची दोन पिके एकमेकांपासून किती दूर गेली आहेत, हे लगेच दिसते. २०१९ ते २०२४ या काळात कांद्यावर तीन वेळा निर्यातबंदी आली. द्राक्षावर एकदाही आली नाही.