पूर्वरंगात बायबल

जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला कीर्तन कसे ऐकायचे, हे शिकवावे लागत नाही. मुक्ताईनगरहून मुक्ताबाईची पालखी पंढरीला निघते आणि वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला अमळनेर फुलून जाते. टाळ पडला की मान डोलणार, हे ठरलेलेच. अशा श्रोत्याला बाकावर मुकाट बसवून एका सुरातले प्रवचन ऐकवायचे म्हणजे कठीणच. महाराष्ट्रातल्या मिशनांना हा अनुभव जागोजागी आला. त्यावरचा तोडगा नगरला निघाला: ख्रिस्ती कीर्तन.

त्याचा पूर्वज त्याहून कितीतरी जुना. जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले. सुमारे 11 हजार ओव्यांचा हा ग्रंथ, पण तो पोथीसारखा वाचायचा. कीर्तनाला मात्र उभा राहून गाणारा आणि बोलणारा माणूस लागतो. अमेरिकन मराठी मिशनने 1831 पासून नगरला ठाण मांडले होते. तिथल्या मंडळींतून 1860 च्या दशकात हा प्रकार आकाराला आला. कवी-कीर्तनकार कृष्णराव रत्नोजी सांगळे यांचे नाव त्या घडणीत अग्रभागी येते.

नारदीय कीर्तनाचा सांगाडा तसाच राहिला. आधी नमन, मग पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण आणि उत्तररंगात त्याला साजेसे आख्यान. ख्रिस्ती कीर्तनकाराने अभंगाच्या जागी बायबलचे वचन ठेवले आणि आख्यानाला योसेफ, रूथ, उधळ्या पुत्र असे विषय घेतले. साकी, दिंडी, ओवी, पेटी, तबला, झांज हे सगळे आपलेच होते. आरती-प्रसाद गेले, शेवटी प्रार्थना आली.

उधळ्या पुत्राचे आख्यान इथे का रंगते, ते पाहण्यासारखे आहे. बाप जिवंत असताना धाकटा वाटणी मागतो. कापसाच्या रानात भावकीचे तंटे पाहिलेल्या श्रोत्याला याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. पुढे पोरगा डुकरे राखतो, त्यांच्या शेंगांवर पोट भरावेसे त्याला वाटते. इथे कीर्तनकाराने लय संथ करावी. पोरगा घराच्या वाटेला लागला, की म्हातारा बाप पळत सुटतो, आणि तबल्याने दुगुन धरावी ती इथेच. छापील प्रवचनात ‘देवाची कृपा’ एवढे दोन शब्द असतात, कीर्तनात ती धावताना दिसते.

ही परंपरा नारायण वामन टिळकांच्या हाती आली आणि तिला कवी लाभला. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी शंभराहून अधिक गीते लिहिली. ‘उपासना संगीत’मधून ती मराठी चर्चमध्ये आणि घराघरांत पोचली. खानदेशाशीही त्यांचा धागा आहे. 1907 मध्ये जळगावला पहिले कविसंमेलन भरले आणि त्यात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबऱ्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. टिळक तिथे होते. पुढे बालकवी नगरला त्यांच्या घरी राहिले.

पश्चिम खानदेशात, नवापूर-नंदुरबारकडे, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने काम केले. तिथे भिल्ल-मावची श्रोत्यांची घरची बोलीच वेगळी. संस्कृत शब्दांनी जड झालेली साकी तिथे चालायची नाही, पण गाता गाता गोष्ट सांगण्याची रीत कुणालाही परकी नव्हती.

कीर्तनाने सर्वांत जास्त बदलला तो उपदेशक. कागद समोर धरून प्रवचन वाचता येते, कीर्तन तसे निभत नाही. वचन पाठ हवे, चालीत बसायला हवे, आणि धाकट्याइतकाच थोरला भाऊही स्वतःच्या अंगी ओळखता यायला हवा. उधळ्या पुत्राच्या ख्रिस्ती कीर्तनात खरी परीक्षा इथेच आहे, कारण धाकट्याला घरात घेतले म्हणून अंगणात रुसून उभा राहिलेला थोरला आत गेला की नाही, हे शुभवर्तमानकार लूकने सांगितलेलेच नाही. एरवी कीर्तनकार फलश्रुती सांगून मोकळा होतो. इथे ती श्रोत्यांवर सोपवावी लागते, आणि त्याआधी स्वतःला विचारावी लागते.